लाखाची गाडी : स्वस्त मोटारींची शंभर वर्षे आणि आमच्या दारातली एक

#थ्रेड

१/
गेल्या महिन्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, संदेश आला : "गाडीला १५ वर्षे पुरी होतात. नोंदणी वाढवून घ्यायची की मोडीत काढायची? तू सांग." गाडी म्हणजे नॅनो. २०१० सालची, एम. एच. १० क्रमांकाची. आप्पा व्यवहाराच्या गोष्टी मला कधी विचारत नाहीत. त्यामुळे एका शब्दात उत्तर देणे मला जमेना. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. उत्तर शोधता शोधता शंभर वर्षे मागे जाऊन पोहोचले. त्या प्रवासाची ही टिपणे. थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आधी एक व्याख्या ठरवू. 'स्वस्त मोटार' कोणती? किमतीच्या आकड्यावरून हे ठरत नाही, कारण रुपया, पौंड आणि मार्क यांची मोले काळाबरोबर बदलतात. मी अशी व्याख्या धरते : जी मोटार नसती तर तिच्या ग्राहकाने दुचाकी घेतली असती किंवा काहीच घेतले नसते, ती स्वस्त मोटार. ही व्याख्या धरली की वेगवेगळ्या देशांतल्या गाड्या एका रांगेत येऊन उभ्या राहतात. त्या प्रत्येकीच्या मागे एक भिजलेले कुटुंबही दिसू लागते.

३/
पहिले कुटुंब इंग्लंडातले. पहिल्या महायुद्धानंतर तिथला मध्यमवर्ग मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारमधून फिरत असे. नवरा हँडलवर, बायको-मूल शेजारच्या पेटीत, आणि डोक्यावर इंग्लंडचा पाऊस. हर्बर्ट ऑस्टिन यांनी नेमका हाच ग्राहक हेरला. त्यांची कंपनी तेव्हा कर्जात बुडालेली होती आणि संचालक मंडळाला छोट्या गाडीची कल्पना मान्य नव्हती. ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरले आणि घरच्या बिलियर्डच्या खोलीत आराखडे काढवून घेतले. १९२२ साली 'ऑस्टिन सेव्हन' आली.

४/
ही गाडी साइडकारएवढीच जागा अडवी. पण तिला चार चाके होती आणि वर छत होते. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. परदेशांनी तिचे परवाने घेतले. आज श्रीमंतीची खूण मानली जाणारी बी. एम. डब्ल्यू. ही कंपनी मोटारींच्या धंद्यात उतरली ती याच ऑस्टिन सेव्हनची जर्मन आवृत्ती घेऊन. प्रतिष्ठेच्या वंशावळीत मागे मागे गेले की कुठेतरी स्वस्त गाडी भेटते. मोटारींच्या इतिहासातला हा मला सर्वांत आवडणारा विनोद आहे.

५/
दुसरी कथा जर्मनीची. तिच्यात विनोद नाही. १९३८ च्या मे महिन्यात हिटलरने फालर्सलेबेनजवळ एका कारखान्याची कोनशिला बसवली. आराखडा फर्डिनांड पोर्श यांचा, किंमत ९९० मार्क. प्रत्येक जर्मन कामगाराच्या दारात मोटार, अशी घोषणा होती. दर आठवड्याला किमान ५ मार्कांचे तिकीट विकत घ्यायचे, पुस्तिकेत चिकटवायचे. पुस्तिका भरली की गाडी मिळेल. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी अशी बचत सुरू केली.

६/
युद्धापूर्वी त्यांच्यापैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कारखाना उभारायला कामगार संघटनांची जप्त केलेली मालमत्ता वापरली गेली. युद्ध सुरू होताच तिथे लष्करी वाहने बनू लागली आणि ती बनवायला वेठबिगार आणले गेले. पुढे हीच गाडी 'बीटल' नावाने जगभर लाडकी झाली. तिकिटे चिकटवणारे मात्र युद्धानंतर वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत राहिले. १९६१ साली त्यांना काय मिळाले? नव्या गाडीच्या किमतीत काही सवलत किंवा थोडी रोख रक्कम. या कथेमुळे मला एक सवय लागली. गाडीची किंमत वाचली की मी लगेच विचारते, ती कोणी मोजली?

७/
तिसरी कथा फ्रान्सची. सित्रोएन कंपनीचे प्रमुख प्येर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकात अभियंत्यांपुढे ठेवलेली अट प्रसिद्ध आहे : लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे, ताशी ६० किलोमीटर वेगाने गेले पाहिजेत; आणि नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी नेली तर एकही फुटता कामा नये. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाडी, 'दोन अश्वशक्ती' या अर्थाच्या नावाची, प्रकट झाली. पत्रकारांनी तिची यथेच्छ टिंगल केली. ग्राहकांनी मात्र इतकी मागणी नोंदवली की कित्येक वर्षे थांबावे लागले. १९९० पर्यंत अशा ३८ लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

८/
चौथी पूर्व जर्मनीची 'ट्राबांट', १९५७ सालची. पोलादाची टंचाई म्हणून तिचे बाह्यांग कापसाचा चोथा आणि राळ दाबून केलेल्या पत्र्यांचे होते. इंजिन दोन स्ट्रोकचे, त्यामुळे मागे निळसर धुराची शेपटी. नाव नोंदवल्यावर दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक वाट पाहावी लागे. म्हणून वापरलेली ट्राबांट ताबडतोब मिळत असेल, तर ती नवीपेक्षा महाग विकली जाई. कागदावर स्वस्त असलेल्या या गाडीचे उरलेले मोल लोक आयुष्यातल्या वर्षांनी चुकते करत होते.

९/
आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर कोणी काय आणि किती बनवायचे हे सरकारी परवान्यावर ठरे. मोटार ही चैनीची वस्तू, देशाला आधी ट्रक आणि बस हव्यात, अशी धारणा होती. गरीब देशाच्या दृष्टीने ती पूर्णतः चूक होती असे मला वाटत नाही. परिणाम मात्र असा झाला, की मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी) आणि कोलकात्याजवळ बनणारी अँबॅसेडर याच काय त्या प्रमुख गाड्या उरल्या, आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. 'छोट्या मोटारी'चा प्रश्न समित्यांमध्ये आणि संसदेत घोळत राहिला.

१०/
याच काळात आमच्या भागात एक गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार घडवत होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. औपचारिक शिक्षण बेताचे, हात मात्र यंत्रात मुरलेला. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने बनवले. सामान्य माणसाला साधारण १२ हजार रुपयांत गाडी मिळावी, ही त्यांची मनीषा. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. पण कारखाना उभा राहिला नाही. सांगलीहून कोल्हापूरला जाताना वाटेत इचलकरंजीचा फाटा लागतो. तो दिसला की मला 'मीरा' आठवते.

११/
अखेर १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला दिली गेली. जपानच्या सुझुकीशी करार, तीन सिलिंडरचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नाव नोंदवले होते. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत देशात २५ लाखांहून अधिक मारुती ८०० विकल्या गेल्या. पण माझी व्याख्या आठवा. मारुतीने पगारदार मध्यमवर्गाला मोटार दिली. त्याच्या एक पायरी खालचे घर स्कूटरवरच राहिले. आमचे घर त्या पायरीवरचे होते.

१२/
आप्पा खरेदी-विक्री संघात लेखनिक, आई घरी शिवणकाम करी. आम्हां चौघांची स्कूटर होती. धाकटा भाऊ पुढे उभा, आप्पा, त्यांच्या पाठीला चिकटून मी, आणि मागे एका अंगाने बसलेली आई. २००८ चा जुलै. मिरजेला एका बारशाला जाऊन आम्ही सांगलीला परतत होतो. पाऊस कोसळत होता. पसरलेल्या खडीवर चाक घसरले आणि आम्ही चौघेही रस्त्यावर पडलो. मला खरचटले, आईच्या बांगड्या फुटल्या, भाऊ चिखलात बसकण मारून रडू लागला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. माझ्या आठवणीत ही एक गमतीची गोष्ट होती. शाळेत मैत्रिणींना मी ती रंगवून सांगत असे.

१३/
अशाच दृश्यातून नॅनोची कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी अनेकदा सांगितले होते : पावसात, स्कूटरवर दाटीवाटीने बसलेले आख्खे कुटुंब. २००३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात एका ब्रिटिश वृत्तपत्राशी बोलताना किमतीचा विषय निघाला आणि 'एक लाख रुपये' हा आकडा छापून आला. तो खोडून काढण्याऐवजी टाटांनी तेच उद्दिष्ट मानले. म्हणजे इथे गाडीआधी किंमत जन्मली आणि तिच्या मापाने गाडी शिवायची ठरली. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी असल्याने मला हे चटकन कळते : कापड आधीच ठरलेले असले, की कुठेतरी दुमड कमी करावी लागते.

१४/
हे काम झाले ते मुख्यतः पुण्यात, टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात. प्रकल्पाचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. काटकसर कशी केली ते पाहण्यासारखे आहे. इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे ६२४ घनसेंटिमीटर, मागच्या बाजूला. चाकाला चारऐवजी तीन नट. वायपर एक. आरसा फक्त चालकाच्या बाजूला. मागची डिकी बाहेरून उघडतच नाही. सामान ठेवायचे तर मागचे आसन पुढे पाडायचे. पेट्रोल भरायचे ते पुढचे बॉनेट उघडून. तरीही मारुती ८०० पेक्षा लांबीला कमी आणि आतून अधिक ऐसपैस, असा कंपनीचा दावा होता. आत बसलेल्याला तो पटे.

१५/
१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात टाटा स्वतः ती चालवत मंचावर आले. मधल्या काळात पोलाद महागले होते, तरी दिलेला शब्द पाळतो आहोत असे त्यांनी जाहीर केले. २३ मार्च २००९ ला मुंबईत विक्रीची घोषणा झाली. एप्रिलमध्ये तीनशे रुपयांचा अर्ज भरून नोंदणी करायची होती. दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी संगणकावर सोडत काढावी लागली. त्या दोन लाखांत आप्पा होते. कर्ज पतसंस्थेचे, आणि वर आईची एक पाटली. सोडतीत क्रमांक लागला तो दुसऱ्या वर्षीचा.

१६/
पण सोडतीच्या आधी सिंगूर घडून गेले होते, आणि ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००६ साली पश्चिम बंगाल सरकारने नॅनोच्या कारखान्यासाठी सिंगूरची जवळजवळ हजार एकर जमीन संपादित केली. ती बहुपीक देणारी सुपीक जमीन. अनेक शेतकऱ्यांनी मोबदला नाकारला, आंदोलन पेटले, ममता बॅनर्जींनी पंचवीस दिवसांचे उपोषण केले. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडले. कारखाना गुजरातेत साणंदला गेला; तो उभा राहीपर्यंत गाड्या उत्तराखंडातल्या पंतनगरला बनल्या.

१७/
३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे संपादन बेकायदा ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. तोवर दहा पिकांचे हंगाम गेले होते, आणि शेताच्या मातीत पाया ओतला गेला होता. ही बातमी आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या दिवशी गाडीत बसताना प्रथमच मनात आले, की आमचे डोके कोरडे राहावे यासाठी कुणाच्या तरी शेताचा बळी मागितला गेला होता. आप्पांना हे बोलून दाखवले. शेतकऱ्याचाच मुलगा तो. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "लाखात गाडी बसते म्हणजे उरलेलं कोणीतरी भरलेलं असतंय."

१८/
गाडी घरी आली तो दिवस मात्र निखळ आनंदाचा होता. आईने ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले, आळीतली मुले आरशात तोंडे पाहून गेली. पहिल्याच रविवारी आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. वाटेत पाऊस लागला. काचेवर एकच वायपर फिरत होता आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आवाज किती छान येतो नाही पावसाचा!" छपराखाली बसून पाऊस ऐकण्याचे सुख रस्त्यावरही मिळू शकते, हे तिला त्या दिवशी समजले. स्वस्त मोटारीचे आकर्षण काय असते, असा प्रश्न कोणी परीक्षेत विचारला, तर मी हे एवढेच लिहीन.

१९/
पण काही वर्षांत गाडीचे नाव बदनाम झाले. वर्तमानपत्रे तिला कौतुकाने 'लखटकिया' म्हणत होती. लोक तेच नाव हिणवायला वापरू लागले. जगातली सर्वांत स्वस्त मोटार ही तिची जाहिरातही होती आणि तिचा डागही. ज्यांना ती परवडत होती, त्यांना आपल्याला हेच परवडते असे जगाला सांगायचे नव्हते. 'स्वस्त' या शब्दावर भर दिला ही चूक झाली, असे टाटांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. इंग्लंडच्या 'मिनी'चे नेमके उलटे झाले होते : १९५९ साली ४९६ पौंडांत आलेली ती काटकसरीची गाडी नटनट्यांनी घेतली आणि फॅशन बनली. आपल्याकडे श्रीमंतांनी नॅनोचे कौतुक केले, पण तीत बसले नाहीत.

२०/
अडचणी केवळ प्रतिष्ठेच्या नव्हत्या. सुरुवातीच्या काळात काही गाड्यांना आग लागली, त्याची छायाचित्रे दूरचित्रवाणीवर फिरली, आणि कंपनीने विकलेल्या गाड्यांना विनामूल्य जादा संरक्षक भाग बसवून देऊ केले. नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एन-कॅप' या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक चाचणी घेतली. नॅनोला शून्य तारे मिळाले. त्याच वेळी तपासलेल्या, एअरबॅग नसलेल्या इतर चार भारतीय गाड्यांनाही शून्यच मिळाले होते, हे सहसा सांगितले जात नाही.

२१/
या शून्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. धडक चाचणीत स्कूटरला तारे मिळत नाहीत, कारण स्कूटरची तशी चाचणीच होत नाही. शून्य तारे असलेली मोटार आणि चौघे बसलेली स्कूटर यांची तुलना कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. पण आमच्यासारख्या घरांपुढे पर्याय नेमके हेच दोन होते. याचा अर्थ शून्य तारे क्षम्य ठरतात असा नव्हे. गरिबाच्या जिवाची किंमत एअरबॅगपेक्षा कमी धरणारी काटकसर ही काटकसर नसते. आपल्याकडे धडक चाचणीचे नियम नव्या गाड्यांना लागू झाले तेच मुळी २०१७ पासून. नियम आले तसा गाडीचा खर्च वाढला, आणि एक लाख हा आकडा इतिहासजमा झाला.

२२/
हिशेबही जुळला नाही. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची. सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, विक्री झाली सुमारे ७५ हजारांची. करांसह गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वा लाखाच्या पुढे जाई. त्यात थोडी भर घातली की वापरलेली मारुती मिळे, आणि लोकांना ती अधिक 'खरी' मोटार वाटे. पुढे पॉवर स्टेअरिंग आले, उघडणारी डिकी आली, किंमत दोन लाखांपलीकडे गेली. जून २०१८ मध्ये कारखान्यातून एकच नॅनो बाहेर पडली. त्या वर्षाअखेर उत्पादन थांबले. व्यवस्थापनाच्या वर्गांत आता ती अपयशाचे उदाहरण म्हणून शिकवतात.

२३/
एक आक्षेप आणखी गंभीर आहे. नॅनो आली तेव्हाच पर्यावरणाचे अभ्यासक विचारत होते, की प्रत्येकाने चारचाकी घेतली तर रस्ते आणि हवा पुरणार कशी? मला हा प्रश्न उलट बाजूने दिसतो. त्या बारशाच्या संध्याकाळी मिरजेहून सांगलीला वेळेवर, बसायला जागा असलेली बस मिळती, तर आम्ही चौघे स्कूटरवर नसतो. जिथे बस येत नाही तिथे स्वस्त मोटार येते. सार्वजनिक व्यवस्थेने करायचे काम ती एकेका कुटुंबाच्या कर्जावर करून देते. आपण तिचे कौतुक करतो तेव्हा ही उणीव नजरेआड होते, आणि तिची टिंगल करतो तेव्हाही होते.

२४/
टिंगलीबद्दल मला कबुली द्यायची आहे. अकरावीला मी महाविद्यालयात जाऊ लागले. आप्पा सकाळी सोडत. पहिल्याच आठवड्यात दाराशी उतरताना मागून कोणीतरी म्हणाले, "लाखाची गाडी आली." दुसऱ्या दिवशी मी आप्पांना म्हटले, "पुढे फार गर्दी असते, मला कोपऱ्यावरच सोडा." ते काही बोलले नाहीत. दोन वर्षे त्यांनी मला कोपऱ्यावर सोडले. पावसातही. तिथून दारापर्यंत मी छत्रीखाली भिजत जाई. ज्या पावसासाठी त्यांनी गाडी घेतली, त्याच पावसात मी त्यांच्यासमोर उतरत असे. गर्दीचे कारण त्यांना खरे वाटत असावे, असे मी परवापरवापर्यंत समजत होते.

२५/
संदेशाला उत्तर द्यायचे म्हणून मी त्यांना फोन केला आणि अभ्यासकाच्या थाटात विचारले, "आप्पा, तुम्ही नॅनोच का घेतली? थोडं थांबून जुनी मारुती घेता आली असती." ते म्हणाले, "थांबायचं नव्हतं." मग त्यांनी बारशाची संध्याकाळ सांगितली. आम्ही पडलो तेव्हा मागून ट्रक येत होता. त्याने ब्रेक दाबला. तो थांबला तेव्हा त्याचे पुढचे चाक भावापासून हातभर अंतरावर होते. आईने पाहिले नाही, मी पाहिले नाही. "मी पाहिलं," आप्पा म्हणाले. सतरा वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. "एप्रिलात अर्ज निघाले. पहिल्या दिवशी जाऊन भरला."

२६/
आता मी काय निष्कर्ष काढावा? विक्रीचे आकडे खरे आहेत, सिंगूरचा निवाडा खरा आहे, शून्य तारेही खरे आहेत. नॅनोची कहाणी यशाची होती असे ठरवायला मी बसलेले नाही. पण आपण ज्या कागदांवरून इतिहास लिहितो, त्यांत विकलेल्या गाड्यांची नोंद असते. न झालेल्या अपघातांची नसते. फ्रान्समधली न फुटलेली अंडी आणि आमच्या घरातला माझा भाऊ यांना कोणत्याच ताळेबंदात रकाना नाही. स्वस्त मोटारीबद्दल लिहिताना दोन्ही वह्या शेजारी उघड्या ठेवाव्यात आणि एकीने दुसरी झाकू नये, एवढेच मी यातून शिकले.

२७/
मी आप्पांना कळवले : ठेवू या. नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार, वर पर्यावरण कर. तपासणीसाठी मी त्यांच्याबरोबर गेले. पांढऱ्या रंगावर पंधरा उन्हाळ्यांचा पिवळेपणा, तीन नटांची चाके, एक वायपर. गाडी उत्तीर्ण झाली. आणखी पाच वर्षे मिळाली. तिथून ते मला कोल्हापूरला सोडायला निघाले. जयसिंगपूर ओलांडले, इचलकरंजीचा फाटा आला, तेव्हा त्यांना 'मीरा'ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या भागात आधीपासनंच खूळ होतं म्हणायचं." पाऊस सुरू झाला होता.

२८/
विद्यापीठाचे प्रवेशद्वार दिसू लागले. त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर आप्पांनी न सांगता गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि मागे हात करून माझी छत्री शोधू लागले. जुनी सवय. मी म्हटले, "आप्पा, आत घ्या ना. विभागाच्या पायरीपर्यंत." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग गाडी पुन्हा सुरू केली आणि आत घेतली.

(थ्रेड समाप्त. तुमच्या घरातली पहिली चारचाकी कोणती होती आणि ती का घेतली, हे आई-वडिलांना विचारून खाली अवश्य लिहा. हाही इतिहासाचाच कागद आहे.)